आजोबांचं रिमफायर रिव्हॉल्व्हर, .३२ चं काडतूस आणि उद्यमनगरचा लेथ

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांकडे एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. परवाना आत्मसंरक्षणाचा, दर वेळी न चुकता नूतनीकरण केलेला. आमचं गाव भोगावतीकाठी. लहानपणापासून आम्ही ते फक्त निवडणुकीला बघितलं. आचारसंहिता लागली की आजोबा ट्रंकेतून काढायचे, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळायचे आणि एसटीने जाऊन पोलीस ठाण्यात जमा करायचे. निकाल लागला की परत आणायचे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, प्रत्येक वेळी हीच वारी. ते उडालेलं आम्ही कुणी ऐकलेलं नाही. काडतुसंच नव्हती.

फेब्रुवारीत आजोबा गेले. वडिलांनी आठवड्याभरात हत्यार जमा केलं. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हावा असा अर्ज दिलाय.

वर्णन: नळी वरून बिजागरीवर उघडते, खालून वर उचलली जाते. सिलिंडर काढून हातात घेता येतो, काडतुसांची सहा घरं. चापाला कडं नाही, नुसता पुढे आलेला कोंब. मुठीला तांबूस लाकूड. सिलिंडरवर बारीक इंग्रजी अक्षरांत तीन तारखा, पहिली ३ एप्रिल १८५५. म्हणजे १८५७ च्या बंडाच्याही आधीचं!

आता मूळ प्रश्न. परवान्यात बोअर (नळीच्या भोकाचं माप) '.३२' लिहिलाय. कानपूरला बनतं त्या सरकारी रिव्हॉल्व्हरचं काडतूसही .३२ च, आणि ते दुकानात मिळतं. फरक इतकाच की आजोबांचं रिमफायर आहे, घोडा कडेला आपटतो, आणि नवीन काडतूस मध्यभागी ठोका मागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये सहज विषय काढला तर तो गडी म्हणाला, "आणा की, पंधरा हजारात सेंटरफायर करून देतो." हे होऊ शकतं का? कुणी केलंय का?

पंचगंगेचा_पूर

पहिल्याच धाग्यात डायरेक्ट रिव्हॉल्व्हर! नाद खुळा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिळाप्रेस

सगळ्यात आधी ती तारीख. ३ एप्रिल १८५५ हा तुमच्या रिव्हॉल्व्हरचा वाढदिवस नाही, पेटंटचा आहे. उरलेल्या दोन तारखा ५ जुलै १८५९ आणि १८ डिसेंबर १८६० असतील तर वर्णनावरून ते स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं मॉडेल नंबर २ किंवा त्याची नक्कल. नंबर २ चं उत्पादन १८६१ ते १८७४, साधारण सत्याहत्तर हजार नग. अमेरिकन यादवी युद्धात पुष्कळ अधिकारी आणि शिपाई हे स्वतःच्या पैशाने घ्यायचे. म्हणजे १८५७ ची गोष्ट विसरा. बेल्जियममध्ये याच्या नकला खूप झाल्या, म्हणून नळीच्या वरच्या पट्टीवर स्प्रिंगफील्ड हे कंपनीच्या गावाचं नाव आहे का आणि मुठीच्या बुडाला नंबर आहे का, ते बघा.

त्या १८५५ च्या पेटंटची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. रोलिन व्हाइट नावाचा कारागीर. कोल्ट या रिव्हॉल्व्हर कंपनीच्या कारखान्यात काम केलेला. त्याने सिलिंडरची भोकं आरपार पाडायची कल्पना पेटंट केली. आज हे ऐकून हसू येतं, भोक आरपार नाही तर काय? पण तोवरच्या रिव्हॉल्व्हरला घरं मागून बंद असायची. दारू, गोळी समोरून ठासायची आणि मागे ठिणगी देणारी टोपी बसवायची. भोक आरपार असेल तरच तयार काडतूस मागून सरकवता येतं. स्मिथ आणि वेसन यांनी व्हाइटकडून हक्क घेतले, दर नगाला २५ सेंट ठरले, पण अट अशी की पेटंटचं रक्षण व्हाइटने स्वतःच्या खर्चाने करायचं. बिचाऱ्याची मिळकत कोर्टातच गेली. १८६९ ला मुदत संपली. मुदतवाढीसाठी तो अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत, म्हणजे संसदेपर्यंत गेला, आणि १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी नकार दिला. एवढी सगळी वर्षं कोल्टला असा सिलिंडर करता आला नाही.

तुमच्या ट्रंकेत जे होतं, तो त्या भांडणाचा एक तुकडा आहे. त्याला लेथवर चढवायचं म्हणताय?

रंकाळाकाठ

@शिळाप्रेस, तिन्ही तारखा तंतोतंत त्याच! मोबाइलमध्ये फोटो आहेत. पट्टीवर स्प्रिंगफील्ड पण आहे. हे कोल्हापुरात कसं आलं असेल?

पंचगंगेचा_पूर

एसटीने.

लेथमास्तर

मी उद्यमनगरातच वाढलो. वडील टर्नर, मी टर्नर, पोरगं आता सीएनसीवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोल्हापूरचा कारागीर नमुना बघून काहीही बनवतो हे खरं हाय. ऑइल इंजिनाचं पंप म्हणू नका, साखर कारखान्याचं मिलचं रोलर म्हणू नका. पण "करून देतो" आणि "केलेलं टिकतं" या दोन वेगळ्या गोष्टी हायत भावा. त्या पंधरा हजारवाल्यानं हत्यार बघितलं पण नसणार.

पहिलं रिमफायर म्हणजे काय ते बघू. पोरं दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल वाजवतात. टिकली दगडावर ठेवून ठोकली की वाजते, हातात नुसती धरून वाजत नाही. मसाला दोन कठीण गोष्टींत चिरडला पाहिजे. रिमफायरच्या पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याला, बुडाशी कडा दुमडलेली असते, आतून पोकळ. त्या पोकळीत गोल फिरवून मसाला बसवलेला असतो. घोड्याचं टोक कडेवर आपटतं, खाली सिलिंडरची धार असते, मध्ये कडा चेंगरते आणि पेट घेते. सेंटरफायरला बुडाच्या मध्यात वेगळी टोपी असते, तिच्या आत तिची स्वतःची ऐरण असते.

आता गंमत अशी की कडा चेंगरायला पाहिजे म्हणजे पत्रा पातळच ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणजे दाब सोसायला मर्यादा. म्हणून मोठ्या बोअरची रिमफायर काडतुसं हळूहळू संपली. .४४ हेन्री गेलं, .४१ गेलं, .३२ गेलं. .२२ तेवढं टिकलं.

दुसरं, .३२ म्हणजे .३२ नव्हं. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या .३२ रिमफायरला गोळी आणि पुंगळी बाहेरून जवळपास एकाच जाडीची. गोळीचं बूड बारीक करून पुंगळीत बसवलेलं, आपल्या .२२ सारखंच. त्या काडतुसाचा व्यास ८.१ मिमीच्या आत. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. त्याची पुंगळी साडेआठ मिमीच्या वर, आणि गोळी ७.९. म्हणजे पुंगळी घरात शिरणार नाही, आणि गोळी नळीला सैल. चार इंची पाइपाला चार इंची कपलिंग बसतं, तसं इथं न्हाय. बोअरचा आकडा ही नुसती हाक मारायची पद्धत.

रंकाळाकाठ

मास्तर, आजोबा असताना पुसायला काढलं होतं तेव्हा व्हर्नियर लावला होता. घर ८.१ च्या आसपासच आलं. पण मग घरं अर्ध्या मिमीने मोठी केली तर?

लेथमास्तर

हाच प्रश्न येणार म्हणून थांबलो होतो.

सहा घरांच्या सिलिंडरात दोन घरांमधली भिंत आधीच पातळ. ती अजून खाल्ली तर राहिलं काय? आणि लोखंड कुठलं? १८६१ ते १८७४ मधलं. ते काळ्या दारूसाठी घडवलेलं. काळी दारू धूर करत ढकलते. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ ला निघाली, म्हणजे हे मॉडेल बंद झाल्यावर दहा वर्षांनी. तिचा दाब चढतो वेगळ्या तऱ्हेनं. बनवणाऱ्यानं ज्या दारूचं नावही ऐकलं नव्हतं, ती त्याच्या सिलिंडरात भरायची म्हणता.

आता बिजागरी. नळी वर उचलली जाते म्हणजे सगळा धक्का खालच्या एका खटक्यावर आणि वरच्या एका पिनेवर. दीडशे वर्षं उघड-मीट झालेली. फोटो बघून सांगता येत नाही, पण मी असल्या बिजागऱ्या दुसऱ्या यंत्रांत बघितल्यात. हातानं हलवली की टिक् आवाज येतो. तो टिक् म्हणजे कामातून गेली.

आणि सिलिंडर फिरून बरोबर नळीसमोर थांबला पाहिजे, सहाच्या सहा वेळा. अडकण झिजली असली की एखादं घर केसभर तिरकं थांबतं. मग गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं बाजूनं उडतं, मारणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर. हे मूळ काडतुसाला पण होतं. वाढीव दाबात सिलिंडर उकलला तर बोटं जातात.

आमच्या वडलांचा एक नियम होता. काम बिघडलं तर गिऱ्हाईकाचा माल जाईल असं काम घ्यावं, गिऱ्हाईक जाईल असं घेऊ नये.

खासबागेचा_वस्ताद

मास्तर, एक शंका. पातळ पत्रा म्हणजे कमी दाब म्हणालात, पण .२२ लाँग रायफलची कमाल दाबमर्यादा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि .३२ लाँगची १५,०००. मग रिमफायर कमजोर कसं?

लेथमास्तर

बरोबर पकडलंत. पण दाब एक आणि बुडावर बसणारा धक्का एक. धक्का म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. .२२ ची पुंगळी पावणेसहा मिमीची, .३२ ची साडेआठ. क्षेत्रफळ दुपटीच्या वर. बारक्या डब्याचं झाकण पातळ असलं तरी तग धरतं, मोठ्या पिंपाचं धरत न्हाय. शिवाय आजचं पितळ आणि तेव्हाची तांब्याची पुंगळी यात पण फरक.

दुधाळीकर

"रिमफायर संपलं" असं वाचून कुणाचा गैरसमज नको म्हणून लिहितो. मी थोडीफार नेमबाजी करतो. .२२ लाँग रायफल १८८७ पासून चालू आहे आणि जगात सर्वात जास्त खपणाऱ्या काडतुसांपैकी ते आहे. आपल्या जिल्ह्याची निम्मी अब्रू त्याच्यावर उभी आहे म्हणा ना. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून नेमबाजी) जगज्जेती झाली ती .२२ रिमफायर रायफलने. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं, ते पण .२२. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिस २०२४ चं कांस्य, ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), तेही .२२ च.

एकाच रिव्हॉल्व्हरमधून दोन काडतुसं ही कल्पना काही वेडगळ नाही. अमेरिकेत रुगर कंपनी सिंगल सिक्स नावाचं रिव्हॉल्व्हर दोन सिलिंडरांसह विकते. एक .२२ लाँग रायफलचा, दुसरा .२२ मॅग्नमचा. पण ते का जमतं? दोन्ही रिमफायर, दोन्हींच्या गोळीचा व्यास इतका जवळ की नळी एकच चालते, आणि दोन्ही सिलिंडर त्या विशिष्ट नगाला कारखान्यातच बसवलेले. मॅग्नमच्या सिलिंडरात साधं .२२ घालायचं नाही, पुंगळी सैल बसून फाटते. कारखान्याने बनवलेल्या जोडीतही एवढी पथ्यं. आपल्याकडे ते मागवताही येत नाही, सामान्य परवानाधारकाला हत्यारांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे.

शिळाप्रेस

यात भर. कोल्टनेही रिमफायरचं सेंटरफायर होताना बघितलंय. त्यांच्या १८७३ च्या प्रसिद्ध मॉडेलचे साधारण १,८०० नग .४४ हेन्री रिमफायरसाठी बनले होते आणि त्यातले बरेच पुढे सेंटरफायर करून घेतले गेले. आज संग्राहक न बदललेल्या नगाच्या मागे धावतात. बदललेला म्हटलं की नाक मुरडतात.

रंकाळाकाठ

बरं, तांत्रिक बाजू पटली. पण समजा एखाद्या चांगल्या, परवानाधारक गनस्मिथने नुसता शोभेपुरता घोडा बदलून...

काळाकोट

थांबा. "समजा" च्या पुढे जाऊ नका.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. उत्पादन, विक्री, हस्तांतर, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी, या सगळ्याला परवाना लागतो. 'रूपांतर' हा शब्द कायद्यात स्वतंत्रपणे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून हत्यार बनवणं किंवा रूपांतर करणं याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. तो पंधरा हजारवाला आणि तुम्ही दोघंही यात येता. तुमच्या खिशात हत्याराचा परवाना आहे म्हणून त्याच्या लेथला परवाना मिळत नाही.

दुसरं, तुमच्या परवान्यावर बनावट, नंबर आणि बोअर लिहिलेला असतो. घर बदललं की कागदावरचं हत्यार आणि हातातलं हत्यार वेगळं झालं.

तिसरी गोष्ट बरेच जण चुकतात. कुणीतरी इथे लिहायच्या आत मीच लिहितो: "शंभर वर्षांपूर्वीचं आहे, अँटिक आहे, परवाना लागतच नाही." कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तूचं मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण ती कशाला? जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही त्याला. 'दुरुस्त करून' हे शब्द नीट वाचा. तुमचं रिव्हॉल्व्हर चालतं की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. परवाना घ्या, तोच सरळ रस्ता.

आणि बघा विनोद. काडतूस मिळत नसलेलं हे हत्यार आज जवळजवळ निरुपद्रवी आहे. .३२ लाँग उडवणारं केलंत की ज्या मुद्द्यावर अधिकारी तुमच्याकडे सहानुभूतीने बघतील तोच मुद्दा गेला.

जाता जाता: २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा २५ वर्षं हत्यार त्याच्याकडे असलं की हयातीतच वारसाकडे द्यायची सोय आहे. आजोबांच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर ही धावपळ वाचली असती.

रंकाळाकाठ

कुणीच सांगितलं नाही. दर नूतनीकरणाला आजोबा टेबलांमागून टेबलं फिरायचे. एका टेबलावर तर त्यांना विचारलं गेलं, "आजोबा, यात गोळ्या मिळत नाहीत तर ठेवता कशाला?" आजोबा म्हणाले होते, "दरवेळी तुमास्नी भेटायला."

बरं, अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतोय इकडे पाठव, संग्राहक चांगले पैसे देतील.

काळाकोट

चुलतभावाला सांगा, शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंदी आहे. शस्त्र म्हणून निर्यातीचे नियम वेगळेच. कुरिअरवाल्याकडे जायचा विचारही नको.

खासबागेचा_वस्ताद

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये हत्यारं बघितली आहेत का? तिथली काचेच्या आतली हत्यारं कुणी चालवून बघत नाही म्हणून त्यांची शान कमी झालेली नाही.

लेथमास्तर

@रंकाळाकाठ, परवाना झाला आणि हत्यार घरी आलं की एवढं करा. ब्रासो, पॉलिश पेपर, काही लावायचं न्हाय. काळपट रंग हा त्याचा दागिना. हलकं मशीन ऑइल, मऊ फडकं, बस्स. धोतराचं फडकं ठेवू नका, सुती कापड ओल धरतं आणि पावसाळ्यात आपल्याकडं गंज रात्रीत चढतो. लाकडी मुठीला तेल लागू देऊ नका. आणि कुणी "पंधरा हजारात" म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा, चहा पाजून परत पाठवतो.

रंकाळाकाठ

मास्तर, वकीलसाहेब, सगळ्यांचे आभार. विषय डोक्यातून काढला. वर्कशॉपवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

एक राहिलं. आजोबांच्या ट्रंकेत तंबाखूच्या डबीत एक रिकामी पुंगळी सापडली. तांब्यासारखी तांबूस, बुडावर 'एच' हे एक अक्षर, आणि कडेला दोन खाचा, एकमेकींपासून बोटाच्या पेरावर नाहीत, अगदी जवळ. दोन का?

शिळाप्रेस

'एच' म्हणजे विंचेस्टर. हेन्री रायफल बनवणाऱ्या हेन्रीच्या नावावरून ते रिमफायर काडतुसांवर हे अक्षर ठोकायचे.

लेथमास्तर

दोन खाचा म्हणजे पहिला ठोका फुकट गेला. कडेला मसाला सगळीकडं सारखा पसरलेला नसला की तेवढ्या जागेवर पेट घेत न्हाय. रिमफायरचं हे जुनं दुखणं. मग काडतूस जरा फिरवून परत मारायचं. म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी कधीतरी घोडा ओढला, वाजलं नाही, न घाबरता काडतूस फिरवलं आणि परत ओढला.

पंचगंगेचा_पूर

आता मला झोप लागायची नाही. कुणावर ओढला?

काळाकोट

झोप नंतर. पुंगळी आधी. काडतुसाचे भागही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. रिकामी असली तरी हत्याराबरोबर नोंदवून टाका, पुढे वाद नको.

रंकाळाकाठ

आज जाऊन आलो. ठाणे अंमलदारांनी पुंगळी तळहातावर घेऊन उलटसुलट केली, चष्मा कपाळावर सरकवून वास घेतला आणि रजिस्टरमध्ये आजोबांच्या नावाखाली लिहिलं: "रिकामी पुंगळी, नग १, तांबूस, कडेस ठोके २." मग विचारलं, "पहिला का नाही लागला?" मी मास्तरांनी सांगितलेलं सगळं टिकलीपासून सांगितलं. शेजारचे दोन हवालदारही ऐकायला आले. पोचपावती मिळाली, डबी मात्र परत दिली. तंबाखूचा वास अजून आहे.